गच्चीवर वाळलेलं दफ्तर

आई नव्या अभिलेख कक्षाच्या दारातच थांबली. पांढऱ्या फरशा, राखाडी लोखंडी कपाटं, भिंतीला एसी आणि एका टेबलावर मिणमिणत्या दिव्याचं स्कॅनिंगचं यंत्र. तिनं सगळीकडं एकवार बघितलं आणि माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "हे आपलं नाय."

"आधी बस तर खरी," मी म्हणाले.

तिघी जणी होतो आम्ही. आई, मी आणि पडेगावच्या रुक्मिणमावशी. मावशी पिशवी पोटाशी धरून बाकाच्या अगदी कडेला टेकल्या होत्या. त्यांचे यजमान, भगवानकाका, आरोग्य खात्यात फवारणी कामगार होते. हिवतापाच्या डासांसाठी गावोगाव घरांच्या भिंतींवर औषध मारत फिरले ते आयुष्यभर. दिवाळीनंतर गेले. त्यांच्या मागं मावशींना पेन्शन सुरू व्हायची, ती अडली एका नावापाशी. काकांच्या पेन्शनच्या कागदावर बायकोचं नाव लिहिलेलं 'गोदावरी', मावशींच्या आधार कार्डावर 'रुक्मिणी'. गोदावरी माहेरचं, रुक्मिणी लग्नात ठेवलेलं. बाई एकच. पण दोन्ही नावं एकत्र असलेला जुना सरकारी कागद आणा, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. मावशी शाळेत कधी गेल्या नव्हत्या, आणि लग्नाची पत्रिका त्यांच्यात कोण छापणार होतं तेव्हा!

शेवटी त्या आईकडं आल्या. आई त्याच खात्यात दफ्तर सांभाळायची. म्हणजे अभिलेख कक्षाची कारकून, पण तिथं सगळे दफ्तरच म्हणायचे. मावशींचं ऐकून आई म्हणाली, "तुझ्या पहिल्या बाळंतपणाला भगवानरावांनी कल्याण निधीतून मदत मागितली होती. तो पत्रव्यवहार दफ्तरात असायला पाहिजे." पण तिची तिलाच खात्री नव्हती. कारण त्याच आठवड्यात तिला कुणीतरी सांगितलं होतं, की जुनी इमारत रिकामी करताना दफ्तर रद्दीत गेलं.

तेव्हापासून आईचं जेवणात लक्ष नव्हतं. ताटावर बसायची आणि मध्येच हात थांबायचा.

टेबलापलीकडची मुलगी वयानं माझ्या लेकीएवढी असेल. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. "आजी, जुने बस्ते आलेत मागच्या खोलीत. सगळे आलेत का, ते मात्र मला सांगता येणार नाही. काही वाटेत गेले असं म्हणतात. बसा तुम्ही, मी बघते." ती आत गेली, दार आपोआप मिटलं. आम्ही बाकावर बसून राहिलो.

वाट बघणाऱ्या माणसाचं मन एका जागी राहत नाही. माझं गेलं ते थेट त्या जुन्या ऑफिसात.

तेव्हा हे शहर औरंगाबाद होतं आणि आईचं ऑफिस निजामाच्या काळातल्या एका दगडी इमारतीत होतं. जाड भिंती, उंच छत, आणि उन्हाळ्यातसुद्धा पायाला गार लागणारी शहाबादी फरशी. माझी शाळा दुपारची असली की सकाळी आईबरोबर जायचं, सकाळची असली की शाळा सुटल्यावर. दफ्तराच्या खोलीत पाऊल टाकलं की आधी वास यायचा. जुना कागद, डांबराच्या गोळ्या, बाटलीत घट्ट होत आलेला डिंक, आणि कोपऱ्यात लाख वितळवायची मेणबत्ती. सगळ्यांवर फवारणीच्या पावडरीचा एक उग्र, पांढरा वास, कारण औषधांचं कोठार लागूनच होतं. आईच्या पदराला तो वास घरापर्यंत यायचा. मला कितीतरी वर्षं वाटायचं, की आयांचा वास असाच असतो.

लाल कापडात बांधलेले बस्ते छतापर्यंत रचलेले. ते बांधायचं काम हबीब चाचांचं. कार्डाच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये कागद घालायचे, जाड सुईनं टाचायचे, मग कापड गुंडाळून वर गाठ. बोटाला सुतळीचे घट्टे पडलेले. मी फार जवळ गेले की म्हणायचे, "बेटा, थोडं लांब बस. सुईला डोळे नसतात." खिशातून बडीशेप काढून माझ्या तळहातावर ठेवायचे. चाचांनी जुन्या उर्दू बस्त्यांवरची नावं मला वाचून दाखवली होती. कुठल्या गावात पटकीची साथ आली, कुठं देवी टोचणारा पाठवला. नावं ऐकताना ती गावं माझ्या डोळ्यांपुढं उभी राहायची, गाढवावर लादलेल्या औषधांच्या पेट्यांसकट.

आईचं काम पत्रांचं. आलेलं पत्र नोंदवायचं, गेलेल्या पत्राची प्रत लावायची. पलीकडच्या खोलीत टाइपरायटर दिवसभर कडकडायचे आणि त्यांच्या प्रती कार्बनचा निळसर वास घेऊन आईच्या टेबलावर यायच्या. मी त्या वाचायची. 'वरील विषयास अनुसरून', 'आपणांस कळविण्यात येते की', 'तरी कृपया'. मला ते बोलणं फार भारदस्त वाटायचं. घरी एकदा मी आजीला म्हणाले होते, "आपणांस कळविण्यात येते की दूध उतू गेले आहे." सगळ्यांत आवडता शब्द 'स्मरणपत्र'. उत्तर आलं नाही की पाठवायचं ते स्मरणपत्र, हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, एखाद्याला कुणाची फार आठवण आली की तो खात्यामार्फत असं पत्र पाठवतो. आणि काही काही माणसांना तर चौथं, पाचवं स्मरणपत्र जायचं! केवढी ती माया, असं वाटायचं.

उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याचे पडदे लागायचे आणि खोलीत हिरवा अंधार पडायचा. सीताफळांच्या दिवसांत दौलताबादकडचे कामगार टोपलीभर सीताफळं आणायचे, आणि आवक-जावकच्या टेबलावर सगळीकडं काळ्या बिया. थंडीत अंगणातल्या लिंबाखाली हुरड्याची शेकोटी. असे दिवस एकामागून एक येत, आणि प्रत्येकाला आपापला आवाज होता. टाइपरायटरचा, चहाच्या पोऱ्याच्या कपबश्यांचा, आईच्या शिक्क्याचा.

संक्रांतीच्या आधीचे दिवस असतील. सुट्टीनंतर ऑफिस उघडायचं होतं आणि मी आईबरोबर होते. तिनं कुलपात किल्ली फिरवली, आणि दार ढकलायच्या आधीच आतून आवाज आला. टप. टप. टप. बंद खोलीत पाणी गळत होतं.

गच्चीवरच्या टाकीचा नळ फुटला होता. आम्ही सुट्टीवर असताना पाणी छतातून झिरपून खाली आलं होतं. फरशीवर घोटाभर पाणी, त्यात लाल रंग उतरलेला, बस्त्यांचा. वरच्या फळ्यांवरचे बस्ते फुगून कमरेपाशी सुटलेले.  आईनं चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी त्या पाण्यात जाऊन उभी राहिली. मी दारातून बघत होते. तिची पाठ दिसत होती फक्त.

साहेब आले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि आईकडं बघितलं. "सुमनबाई, दफ्तर तुमच्या ताब्यात आहे. काय वाचतं ते बघा. बाकीचं आपण मग बोलू."

त्या 'बाकीचं'मुळं आमच्या घरात त्या संध्याकाळी चूल नीट पेटली नाही. बाबा गुलमंडीत एका कापडाच्या दुकानात कामाला होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे, नोकरीवर येईल का काही?"

"तुम्ही जेवा," आई म्हणाली. मग थोड्या वेळानं, "नोकरीचं जाऊ द्या हो. फवारणीवाल्यांचे कागद आहेत त्यात. सगळेच्या सगळे. ते कायम व्हायचेत अजून."

फवारणी कामगार तेव्हा हंगामी होते. हंगामापुरतं कामावर घ्यायचं, हंगाम संपला की घरी. त्यांना कायम करावं म्हणून किती वर्षं पत्रव्यवहार चालला होता. कोण कधी कामावर होता, कुठल्या गावात होता, हे सगळं त्या बस्त्यांत.  दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा सायकलवरून ऑफिसात हजर झाले. कॅरिअरला कापडाच्या गठ्ठ्यांवरचा जाड खाकी कागद आणि न खपलेलं मांजरपाट, जाडंभरडं सुती कापड. "पाणी टिपायला," एवढंच म्हणाले आणि दुकानाची वेळ झाली म्हणून निघून गेले. आई त्या गठ्ठ्याकडं बराच वेळ बघत उभी होती.

दुपारपर्यंत कामगार यायला लागले. बातमी कशी पोहोचली कुणास ठाऊक. खाकी चड्ड्या, डोक्याला मुंडासं, औषधानं पांढरी पडलेली नखं. त्यांत पडेगावचा एक तरुण होता, भगवान. त्यानं दारातनंच विचारलं, "बाई, आमचे कागद भिजले म्हणं?"

"भिजलेत. तुमच्याकडच्या प्रती कुठायत?"

"आमच्या घरातले तर उंदरांनी खाल्ले. हितलेच काय ते."

"मग उभे काय राहता? चला वरती."

आणि सगळं दफ्तर गच्चीवर गेलं. पाट्यांतनं, टोपल्यांतनं, मुंडाशाच्या झोळीतनं. एकेक कागद चिकटलेला, तो ओली पातळ भाकरी तव्यावरनं उचलावी तसा हळू सोडवायचा आणि मांजरपाटावर पसरायचा. शाईनं लिहिलेलं पसरलं होतं, त्याचे निळे ढग झाले होते. टाइप केलेलं मात्र तसंच होतं, काळं, टोचल्यासारखं. आई प्रत्येक कागद उन्हाकडं धरून बघायची, आणि अक्षर दिसलं की तिच्या तोंडातून एक छोटा 'हं' निघायचा. दिवसभर मी ते 'हं' ऐकत होते.

वारं होतं. दौलताबादच्या अंगानं यायचं, कोरडं. हवा स्वच्छ असली की त्या गच्चीवरनं किल्ल्याचा डोंगर दिसायचा. कागद उडू नयेत म्हणून विटा आणल्या, त्या पुरेनात, मग कामगारांनी पंपांची पितळी तोंडं आणून ठेवली. उन्हात ती चमकत होती. तरी एक कागद उडालाच आणि लिंबाच्या शेंड्याला जाऊन बसला. भगवान सरसर वर चढला. खालनं सगळे ओरडत होते, "फांदी धर रे, कागद राहू दे!" आणि तो वरनं, "कागदासाठीच तर चढलोय की!"

त्याची बायको भाकरी घेऊन आली होती. ठेचा आणि कांदा फडक्यात बांधलेला. काखेला काही महिन्यांचं लेकरू. हीच रुक्मिण. तेव्हा अंगानं काटकुळी, आणि नाकात मोरणी. हबीब चाचांनी नव्या लाल कापडाचा एक तुकडा काढला आणि टाकीच्या दोन खांबांना बांधून झोळी केली. लेकरू त्यात झोपलं. रुक्मिण आईच्या शेजारी बसून कागद उलटायला लागली. वाचता येत नव्हतं, पण हात हलका होता. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "बाई, यातला आमचा कंचा?"

आई म्हणाली, "आता कुठं कळतंय बाई ते. सगळेच आपले समज आणि उलट."

अर्धवट वाळलेल्या कागदांना सुरकुत्या पडत होत्या, म्हणून चाचांनी घरनं कोळशाची इस्त्री आणली. खाली खाकी कागद, वर खाकी कागद, मध्ये सरकारी पत्र. गरम कागदाचा तो भाजक्या कणसासारखा वास. चाचा हसत म्हणाले, "ये इस्त्री ईद को मेरे कुर्ते पे चलती थी. आज सरकार पे चल रही है." सगळी गच्ची हसली. आईसुद्धा. ती हसलेली बघून मी रडायला लागले, का ते मला आजही सांगता येत नाही.

हे वाळवण काही दिवस चाललं. शेवटच्या दिवशी उन्हं कलताना साहेब वर आले.  ते रांगांमधनं जपून पाय टाकत फिरले, मध्येच वाकून एक कागद उचलला, उन्हाला धरून वाचला. मग कठड्यावर बसले, बाह्या दुमडल्या आणि समोरचे कागद गोळा करायला लागले. जरा वेळानं मान वर न करता म्हणाले, "बाई, खुलासा वगैरे काही नको. चहा सांगा सगळ्यांना."

आई टाकीच्या मागं गेली आणि पदरानं तोंड पुसून आली.

पुढं ते सगळे कायम झाले. पेढे आले, मला दोन मिळाले. मग मी मोठी झाले, ऑफिसात जायची बंद झाले, चाचा निवृत्त होऊन मुलाकडं गेले, आई निवृत्त झाली. इमारतीच्या भिंतींवर पिंपळ उगवला. आणि ते सारे वास, आवाज कुठं गेले हे विचारायला माझ्याकडं वेळ नव्हता.

दार उघडलं. ती मुलगी एक ढकलगाडी घेऊन बाहेर आली. गाडीवर तीन-चार बस्ते. लाल नव्हतेच ते आता, उन्हानं आणि पाण्यानं गुलाबी झालेले. "आजी, हिवताप, कल्याण निधी असं लिहिलंय यावर. हेच का बघा."

 आईनं वरच्या बस्त्याची गाठ सोडली. तिच्या बोटांना आता संधिवात आहे, डबीचं झाकण मला उघडून द्यावं लागतं, पण ती गाठ तिनं स्वतः सोडली. आत कागद. प्रत्येकाला वाळलेल्या पापडासारख्या लाटा, कडेला फिकट निळे डाग. आणि मध्ये काळी अक्षरं.

"हे असे वाकडे का झालेत?" मुलीनं विचारलं.

"वाळवलेत," आई म्हणाली. "गच्चीवर."

मुलगी एकेक पान उलटत गेली. आम्ही तिच्या बोटांकडं बघत होतो. मावशींनी डोळे मिटून घेतले होते आणि ओठ हलत होते. एक बस्ता झाला. त्यात काही नव्हतं. दुसऱ्यात भगवानकाकांचं नाव दोनदा आलं, पण दोन्ही वेळा नेमणुकीचं. आईनं पाण्याचा घोट घेतला. तिसरा बस्ता अर्धा झाला आणि मुलीचं बोट थांबलं. तिनं आधी मनातल्या मनात वाचलं, मग मोठ्यानं.

"...यांची पत्नी श्रीमती रुक्मिणी, माहेरचे नाव गोदावरी, हिच्या प्रसूतीसाठी कल्याण निधीतून साहाय्य मंजूर करण्याबाबत..."

 मावशींनी डोळे उघडले. "म्हंजी काय, बाई?"

"म्हणजे रुक्मिणी आणि गोदावरी एकच आहेत, मावशी," मुलगी हसून म्हणाली.

"ते मला ठावं होतंच की!" मावशी म्हणाल्या, आणि आम्ही चौघी एवढ्या मोठ्यानं हसलो की पलीकडच्या टेबलावरचा माणूस उठून बघायला आला. हसता हसता मावशींचा चेहरा बदलला. त्यांनी पदर तोंडात धरला. त्या पानावर काकांची सही नव्हती, अक्षर नव्हतं, कुणा टायपिस्टनं बडवलेल्या ओळी होत्या नुसत्या. तरी मावशींनी कागदावरनं हात फिरवला, आणि विचारलं, "ह्यांचं नाव कुठंय यात?" मुलीनं त्यांचं बोट धरून त्या नावावर ठेवलं. बोट तिथंच राहिलं बराच वेळ.

मग पुढची कामं झाली. नक्कल निघाली, तिच्यावर शिक्का बसला, वरच्या मजल्यावरचे अधिकारी कागद बघून म्हणाले, "एवढं पुरे. मी आजच वर पाठवतो. पेन्शन सुरू होईल, काळजी करू नका." आईनं त्यांना नमस्कार केला, तो जरा जास्तच वाकून. निघताना तिनं त्या मुलीला विचारलं, "यंत्रात घातल्यावर या कागदांचं काय करणार?"

"ठेवणार, आजी. कायम जपायच्या वर्गात आहेत हे. रद्दीत गेले ते टेबल-खुर्च्यांच्या पावत्यांचे कागद. लोकांनी काहीतरी पसरवलं."

आईनं मान हलवली. मला वाटलं ती आणखी काही विचारेल. पण ती म्हणाली, "जेवलीस का गं तू?" मुलगी म्हणाली, राहूनच गेलं. आईनं पिशवीतला आपला डबा तिच्या टेबलावर ठेवला आणि तो परत न घेताच निघाली.

बाहेर ऊन उतरलं होतं. रिक्षात मावशींना मध्ये बसवलं. छावणी ओलांडेपर्यंत त्या बोलत होत्या, सुनेला फोन करायचा म्हणत होत्या, नातवाला काय घ्यायचं म्हणत होत्या. मग बोलणं तुटक होत गेलं. किती दिवसांत त्यांना धड झोप नव्हती, ते मला आत्ता कळत होतं. पडेगावच्या रस्त्याला लागलो आणि त्यांची मान हळूहळू कलली, आईच्या खांद्यावर टेकली. पिशवीवरची पकड सैल झाली. तोंड किंचित उघडं, आणि संथ घोरणं.

आईचा तो खांदा दुखरा आहे. मी हातानं खुणावलं, की मी घेते त्यांना माझ्याकडं. आईनं मान हलवून नको म्हटलं. जरा पुढं वाकली आणि दबक्या आवाजात रिक्षावाल्याला म्हणाली,

"भाऊ, जरा हळू घ्या. घाई नाय आता."